कार्यअहवालात विधानसभा कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, यांस

विषय: आमदारांच्या सभागृहातील कामाचा गोषवारा प्रत्येक अधिवेशनानंतर ग्रामपंचायती व सार्वजनिक वाचनालयांना पाठविण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचे वाचनालय सांभाळतो. आमच्याकडे पुस्तके कमी येतात, कार्यअहवाल भरपूर येतात. आमदारांचे, माजी आमदारांचे, पुढे होऊ इच्छिणाऱ्यांचेही. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, प्रत्येक पानावर कुदळ, नारळ आणि फीत. पांदण रस्ता किती लाखांचा, सभामंडप किती लाखांचा, विजेची डीपी (रोहित्र) कोणत्या वावराजवळ बसली, हे सगळे त्यात तपशीलवार असते. मागे नेत्रतपासणी शिबिराचे फोटो आणि शेवटी आईवडिलांचे आशीर्वाद. पक्ष कोणताही असो, मांडणी एकच.

या पुस्तिकांत विधानसभा फक्त मुखपृष्ठावर असते, नावाच्या खाली, 'सदस्य' या शब्दाला जोडून. आत ती सापडत नाही. पाच वर्षांत या माणसाने मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे कोणते तारांकित प्रश्न टाकले, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी कोणती लक्षवेधी सूचना लावली, कोणत्या विधेयकावर तो बोलला, अर्थसंकल्पात कोणती कपात सुचवली, कोणत्या समितीवर बसला आणि तिथे काय केले, यावर एक ओळही नसते. दुकानदाराने गल्ल्याचा हिशेब सोडून दुकानाच्या रंगरंगोटीचा हिशेब द्यावा, तसा हा प्रकार आहे.

दोष एकट्या आमदारांचा नाही, हे आधी सांगतो. आम्ही त्यांना मोजतो ते लग्नांवर आणि तेरवींवर. 'साहेब आपल्या घरी आले होते' यावर मत पडते आणि 'साधं भेटायले नाही आले' यावर ते जाते. जिल्हा परिषद सदस्याने करायचे काम आम्ही आमदाराकडे मागतो, सरपंचाचेही त्याच्याकडेच मागतो. दरवर्षी 5 कोटींचा स्थानिक विकास निधी त्याच्या हाताशी असल्याने तोही खुशीत ते करतो. मग पानठेल्यावर कोणी विचारतेच, "पण तो थ्या मुंबईत जाऊन करते काय?" आणि याचे उत्तर त्याच्या कार्यकर्त्यालाही देता येत नाही.

आमच्या भागाने विधिमंडळ पाहिले ते बहुतेक बाहेरूनच. विदर्भ महाराष्ट्रात सामील करून घेण्यासाठी झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन नागपुरात होते, आणि त्या दिवसांत गावागावांतून माणसे मोर्चाला जातात. रात्रीची गाडी, शिदोरी, हातात निवेदन. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाज अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला असाच गेला होता. निवेदन घ्यायला कोणी आले नाही, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले, त्यांत बायका आणि लेकरे जास्त. त्या दिवशी आत कामकाज सुरू होते. बाहेरच्या माणसाला आतले कळत नाही ही तक्रार आमच्याकडे जुनी आहे, आणि तिची किंमत मोजून झालेली आहे.

आता आतले कळले नाही की काय होते, त्याचे एकच उदाहरण देतो.

2017 साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळी आली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले आणि बोंडअळीग्रस्तांसाठी सभागृहात मदत जाहीर झाली: कोरडवाहूला हेक्टरी 30,800 आणि बागायतीला 37,500 रुपये. आकडा ऐकून गावात लोकांनी उधारीचे हिशेबही मांडले. पण हा आकडा तीन तुकड्यांचा होता. कोरडवाहूचे 6,800 आपत्ती निधीतून, 8,000 पीकविम्यातून आणि 16,000 बियाणे कंपन्यांकडून. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम सरकारच्या खिशात नव्हतीच. ती कंपन्यांनी द्यायची होती, आणि कंपन्यांकडून ती काढायची कशी हा पुढचा प्रश्न होता. आमच्याकडे बहुतेकांच्या खात्यावर आले ते आपत्ती निधीतले, तेही हप्त्याहप्त्याने. उरलेल्या पैशासाठी माणसे वर्षभर तलाठ्याला विचारत राहिली. तलाठी बिचारा काय सांगणार?

खरे तर हा प्रश्न तलाठ्याचा नव्हताच. सभागृहात मंत्र्याने दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो, तो 90 दिवसांत पुरा व्हावा असा दंडक आहे आणि ती समिती आमदारांचीच असते. पुढच्या अधिवेशनात 'बियाणे कंपन्यांचे 16,000 कुठे अडले' हे विचारण्याचे हत्यार विदर्भातल्या 62 आमदारांच्या हातात होते. ते कोणी वापरले, किती वेळा वापरले, उत्तर काय मिळाले, हा कागद तेव्हा चावडीवर लागला असता तर लोक तलाठ्याकडे गेले नसते. ज्याने विचारले त्याचे नाव घेतले असते आणि ज्याने विचारले नाही त्याला तेरवीत गाठले असते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. अधिवेशन संपल्यावर महिनाभरात विधानमंडळ सचिवालयाने प्रत्येक सदस्याचा दोन पानी गोषवारा काढावा आणि तो त्याच्या मतदारसंघातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना व वाचनालयांना पाठवावा. आमदाराने लिहिलेला नको, सचिवालयाने लिहिलेला हवा. त्यात हजेरी असावी, मांडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे असावीत, भाषणांचे विषय असावेत, समितीच्या बैठका असाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मतदारसंघाशी संबंधित आश्वासने आणि त्यांची आजची स्थिती असावी. जे मंत्री आहेत ते प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या पानावर त्यांनी दिलेली आश्वासने छापावीत.

संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात असे मला सांगितले जाईल. असतात, मी पाहतो. पण त्या दिवसांच्या आणि खात्यांच्या क्रमाने असतात. एका आमदाराचे वर्षभराचे काम त्यातून वेचायला बसावे तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमची पोरेही कंटाळतात. शिवाय एकेका प्रश्नाच्या डोक्यावर वीस-वीस नावे. 'हे खरे आहे काय?' याला 'हे अंशत: खरे आहे' आणि 'विलंबाची कारणे काय?' याला 'प्रश्न उद्भवत नाही'. या वीस जणांत कळ कोणाला होती आणि कोणाच्या स्वीय सहायकाने नुसती सही घेतली, हे यादीवरून समजत नाही. म्हणून नुसते आकडे छापू नका. पन्नास प्रश्नांवर नाव असलेल्यापेक्षा एकाच प्रश्नावर तीन अधिवेशने उपप्रश्न विचारणारा माणूस मला मोठा वाटतो. गोषवाऱ्यात त्याचे ते चिवटपण दिसले पाहिजे.

असे चिवट लोक आमच्या भागाने पाठवले आहेत. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षे विधान परिषदेत होते. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांतल्या विकासाची तूट, 3,186 कोटी धरला, त्यात विदर्भाचा 1,246 कोटी. हे आकडे अहवालात पडून राहिले असते. देशमुखांनी ते सभागृहात पुन्हा पुन्हा बाहेर काढले. त्यांच्या नावाचा सभामंडप मी कुठे पाहिलेला नाही. पण सिंचनाच्या अनुशेषावर चार वाक्ये शहाणपणाची बोलणारा माणूस विदर्भात भेटला, की त्यातली दोन फिरत फिरत त्यांच्यापर्यंत जातात.

उलट जांबुवंतराव धोटे आमच्या यवतमाळचे. 1962 साली विधानसभेत गेले, 1964 मध्ये अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, आमदारकी गेली आणि पोटनिवडणुकीत यवतमाळने त्यांना पुन्हा तिथेच पाठवले. ही गोष्ट इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ आहे, सांगताना हातवारेही करतात. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी झालेले आंदोलन, खासदारकी, वेगळ्या विदर्भाचा झेंडा, सगळे लोकांना आठवते. पण त्या सभागृहात ते बोलले काय? पेपरवेट हातात घेण्याआधीची त्यांची भाषणे कशावर होती? 18 फेब्रुवारी 2017 ला ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या सभांत पेपरवेट सर्वांनी सांगितला, भाषणातले वाक्य एकानेही सांगितले नाही. आपल्या ग्रंथालयात कार्यवृत्ताचे खंड आहेत, त्यांत ती वाक्ये आहेत. जुन्या आमदारांच्या भाषणांच्या निवडक प्रती जिल्हा ग्रंथालयांना द्याव्यात, ही माझी दुसरी मागणी. वसंतराव नाईक पुसदचे, अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. त्यांचा जन्मदिवस 1 जुलै हा कृषी दिन म्हणून सरकार साजरा करते. त्या दिवशी शाळेत हारासोबत त्यांचे शेतीवरचे एखादे भाषण वाचायला मिळाले, तर मास्तरांनाही दरवर्षी तेच तेच बोलावे लागणार नाही.

खर्चाचे कारण पुढे येईल. ग्रामपंचायतीला सरकारी टपाल येतच असते, त्यात दोन पाने वाढतील. सदस्यांची नाराजी मात्र खरी अडचण आहे, ती मी समजू शकतो. 2020 आणि 2021 ला हिवाळी अधिवेशन नागपुरात झालेच नाही, 2024 ला ते 16 ते 21 डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. एवढ्या वेळात बोलणार कधी, असे एखादा आमदार म्हणेल आणि ते रास्तच असेल. तेही त्या गोषवाऱ्यात छापा: किती दिवस सभागृह चालले, किती तास वाया गेले, किती लक्षवेधी वेळेअभावी राहिल्या. मग अधिवेशन लांबवा म्हणून आमदारांच्या आधी गावेच आपल्याला पत्रे लिहितील.

सुरुवात येत्या हिवाळी अधिवेशनापासून करावी. छापील प्रत शक्य नसेल तर ग्रामपंचायतीच्या ईमेलवर पाठवावी. प्रिंट काढून फलकावर लावण्याचे काम आमच्या गावापुरते माझ्याकडे.

आपला,
एक ग्रंथपाल
जि. यवतमाळ