विषय: ‘निकाली’ काढलेल्या गळतीच्या तक्रारीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

वरच्या सदनिकेच्या बाथरूममधून माझ्या घरात होणाऱ्या गळतीबद्दल गेल्या सभेच्या इतिवृत्तात ‘गळतीचा वाद सामोपचाराने मिटला’ असे वाचले. वाद मिटला असेल. गळती चालू आहे.

समितीने मध्यस्थी केली, याबद्दल आभारच. पण तडजोड यशस्वी झाली हे सह्यांवरून ठरवायचे, की छत कोरडे झाले का त्यावरून? तडजोडीच्या कागदावर मी काय दिले ते पाहा: लेखी तक्रार मागे घेतली, रंगकामाची भरपाई सोडली, वरच्या सदस्यांच्या गाडीच्या पार्किंगबद्दलही (तो विषय वेगळाच आहे) गप्प बसलो. हे सगळे सही करताक्षणी अमलात आले. त्यांनी दिले ते ‘शक्य तितक्या लवकर काम करून घेऊ’ एवढे वाक्य. तारीख नाही, काम तपासणार कोण ते नाही, आणि झाले नाही तर पुढे काय, याबद्दल अवाक्षर नाही.

काम झाले, असे ते सांगतात. टाइल्सच्या फटींत पांढरे सिमेंट भरले, याला काम म्हणायचे असेल तर झाले. वॉटरप्रूफिंग करून, बाथरूममध्ये पाणी तुंबवून खाली ओल उतरते का हे कोणी पाहिले? समितीतील एकही सदस्य माझ्या घरात डोकावला नाही.

आदर्श उपविधींनुसार (म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार) संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. ‘संबंधित’ कोण, यावर आपल्याकडे बराच खल झाला म्हणे. पाणी खालून वर चढत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. आमच्या विंगमधील बहुतेकांचे मत हेच आहे. फक्त नाव घेऊ नका म्हणतात.

मला भांडण वाढवायचे नाही, कधीच नव्हते. पुढच्या सभेत कामाची तारीख लेखी घ्यावी, चाचणी समितीसमोर व्हावी आणि तोवर ‘मिटला’ हा शब्द इतिवृत्तातून काढावा. नाहीतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जावे लागेल. सभा माझ्या बेडरूममध्ये घेतलीत तरी चालेल, बादली मी बाजूला करीन.

आपला विश्वासू,
एक नियमित मेंटेनन्स भरणारा सदस्य

ता. क. या पत्राची पोच सही-शिक्क्यासह द्यावी. मागच्या पत्राची अजून मिळालेली नाही.