गॅलरीतला साडेचारचा उजेड

गिरगाव, मुंबई

प्रिय मनू,

काल पोटमाळा रिकामा करताना माझ्या मामाचा क्लिक थ्री कॅमेरा सापडला. चाळ पाडणार म्हणून महिनाअखेर किल्ली द्यायची आहे. निम्मं सामान बांधून झालं होतं, पण कॅमेरा हाती आला आणि मी तिथेच बसले.

परवा तू फोनवर विचारलंस, "आई, फोटोग्राफीच करायची हे तू कधी ठरवलंस?" असा दिवस मला आठवतच नाही गं. म्हणून आठवतं ते लिहिते.

१९८१ साल, मी नववीत. हा अॅगफा कंपनीचा डबा कॅमेरा बडोद्यात तयार व्हायचा. ‘१२०’ नावाच्या मापाचा रोल, त्यात फक्त १२ फोटो. मामा वर्षाला दोन रोल द्यायचा. म्हणजे वर्षभरात २४ फोटो! त्यामुळे काढण्यापेक्षा बघणंच जास्त व्हायचं. रिकामा कॅमेरा घेऊन मी कठड्याशी उभी राहायचे. समोरच्या गॅलरीत अण्णांचं धोतर वाळत असे. साडेचारला त्यावर ऊन पडलं की उजेड उलटून आमच्या बाजूला यायचा, आणि तिसऱ्या खांबाशी उभ्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी सावली निघून जायची. याला रिफ्लेक्टर म्हणतात, हे मला फार पुढे कळलं.

रोल धुवायला स्टुडिओत द्यायचे, पण कॉप्या घरीच काढायचे, मोरीत. रात्री सगळे झोपले की लाल झिरोचा बल्ब लावायचा, ब्रोमाइड म्हणजे फोटो छापायच्या कागदावर निगेटिव्ह, वर तसबिरीची काच, आणि साधा दिवा दोन आकड्यांपुरता पेटवून बंद. मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, पाणी, आणि ते पक्कं करणारा हायपो. आईच्या परातीला हायपोचा वास लागला तेव्हा खूप बोलणी बसली. पण कोऱ्या कागदावर पहिल्यांदा आजीचे डोळे उमटले, ते बघायला मी त्याच आईला झोपेतून उठवलं होतं.

पहिले पैसे मिळाले ते शेजारच्या ताईच्या फोटोचे. स्थळाला पाठवायला हवा होता. स्टुडिओतला तिला आवडला नव्हता. मी तिला तिसऱ्या खांबाशी उभी केली, साडेचारला. नंतर चाळीतून तेवढ्यासाठी मुली यायला लागल्या. मग बारसं, मुंज, मग लग्नं.

पहिल्याच लग्नात घात झाला. मागून आणलेला ३५ एमएमचा कॅमेरा, ३६ फोटोंचा रोल. आकडा चाळीसवर गेला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्म स्पूलमध्ये अडकलीच नव्हती, सगळं लग्न कोरं. जाऊन खरं सांगितलं. नवऱ्याच्या वडिलांनी नको नको ते ऐकवलं. सत्यनारायणाच्या दिवशी नवरीने पुन्हा शालू नेसला, मी फोटो काढले, पैसे घेतले नाहीत. फिल्मची कामं संपेपर्यंत कॅमेऱ्यात रोल घातल्यावर रिवाइंडची चावी फिरतेय का, म्हणजे फिल्म पुढे सरकतेय का, हे बघितल्याशिवाय मी एकही क्लिक केलं नाही.

मुलीच्या जातीला हे काम नव्हे, असं तेव्हा घरोघरी ऐकलं. याच मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि पुढे किती वर्षं तिथे वृत्तछायाचित्रं काढत राहिल्या! हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढचं तू पाहिलंच आहेस. कॅटलॉग, दागिने, डिजिटल. दागिन्यांवर उजेड टाकताना पांढरं कापड किती अंतरावर टांगायचं, हे मला कधी मोजावं लागलं नाही.

रविवारी पुण्याहून लवकर निघ. सव्वाचारपर्यंत पोचायला हवं. अण्णा गेले, धोतर नाही, मी समोर पांढरी चादर टांगते आहे. क्लिक थ्रीचं शटर चालतं आहे, रोल मागवला आहे. तिसऱ्या खांबाशी तू उभी राहा. मग मी उभी राहीन आणि तू काढ.

तुझी
आई