डाव्या हाताने जेवलेल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलो, की "अरे, त्यात काय एवढं" म्हणून आपण विषय बदलता. म्हणून कोल्हापूरला परतल्यावर हे जाहीर पत्र लिहीत आहे.

जपानला जाण्यापूर्वी ज्या प्रशिक्षण वर्गाने आमच्याकडून भरभक्कम फी घेतली, त्याने कोणापुढे किती वाकायचे ते घोटून घेतले. चॉपस्टिक्सबद्दल, म्हणजे जेवायच्या काड्यांबद्दल, विचारले, तर "तिथे गेल्यावर आपोआप येतं" एवढेच उत्तर मिळाले. आपोआप काहीही आले नाही. नागोयातल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये माझी धडपड मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकणारे आपलेच मराठी बांधव होते, हे लिहिताना आजही संताप येतो. जपानी सहकारी निदान न बोलता काटा-चमचा आणून ठेवत. तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाणारा मी, भरल्या ताटासमोर अर्धपोटी उठत होतो.

आपण घरी बोलावलेत आणि वाटीभर शेंगदाणे पुढे ठेवलेत. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेच्या कडेवर टेकवून स्थिर ठेवायची, वरची लेखणीसारखी धरायची आणि हलवायची ती फक्त तीच, हे आपण शांतपणे दाखवलेत. तरी जेवताना घास निसटत राहिला आणि आपल्या नातीला हसू आवरेना. तेव्हा एक अक्षरही न बोलता आपण आपल्या काड्या उजव्या हातातून डाव्या हातात घेतल्यात आणि ते सबंध जेवण तसेच केलेत. माशाचा बारीकसा काटाही सहज वेगळा करणारे आपण, तोफूचे तुकडे सूपमध्ये पाडू लागलात. नात मला सोडून आजोबांना हसू लागली आणि माझ्या बोटांतला ताठरपणा तिथेच गेला.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांची मदत आपल्या अडाणीपणाची आठवण करून देतच येते. समोरच्याचा संकोच ओळखून त्याची फजिती गुपचूप स्वतःवर ओढून घेणारा माणूस मला तरी तोवर भेटला नव्हता.

भातात काड्या उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, हेही आपणच सांगितलेत. तसा भात तिथे मृताच्या उशाशी ठेवतात आणि दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनीच उचलतात, हे ऐकल्यावर, रक्षाविसर्जनाला स्मशानात उभ्या राहिलेल्या कोल्हापूरकराला आणखी काही समजावण्याची गरज उरली नाही. हा नियम न सांगता केवळ डोळे वटारणारेही कँटीनमध्ये होते.

त्या वर्गाच्या चालकांच्या वाचनात हे पत्र आलेच, तर पुढच्या तुकडीसाठी त्यांनी चॉपस्टिक्सची एक जोडी आणि वाटीभर शेंगदाणे तेवढे ठेवावेत. घेतलेल्या फीमध्ये एवढे बसायला हरकत नसावी.

काकूंना साष्टांग नमस्कार, नातीस अनेक आशीर्वाद.

आपला ऋणी,
एक कोल्हापूरकर