आई, छोले रात्रीच भिजत घाल

आई, बाबा,

काल तुमच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाबांनी दुधात कुस्करलेल्या भाकरीचे दोन घास खाऊन ताट सारलं ते मी बघितलं. आई, तू लगेच फोन खिडकीकडे फिरवलास, जास्वंद दाखवलीस, पण दिसलं मला. दाढा काढल्यापासून रोज असंच चाललंय का? मग मला "सगळं मस्त" का सांगतेस गं?

फोनवर तू विषय बदलतेस म्हणून आज लिहितेय. आणि माझाही एक विषय आहे जो फोनवर माझ्या तोंडून निघत नव्हता, तो पुढे सांगते, आधी हरीरा, म्हणजे इथलं छोले-मसुराचं दाट सूप.

सध्या इथे रमजान आहे आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान झाली की मोरोक्कोतल्या कासाब्लांकामधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या जिन्यात हरीऱ्याचाच वास असतो. खजूर, मिठा-जिऱ्यासोबत उकडलेली अंडी, तीळ लावलेली मधातली शबाकिया ही तळलेली मिठाई आणि मधोमध हा वाफाळता वाडगा. मी रोजे धरत नाही पण खालच्या मजल्यावरच्या आजी मला एकटीला जेवू देत नाहीत. त्यांना मी खालती म्हणते, म्हणजे इकडच्या भाषेत माझी मावशी. त्या मटण घालून करतात, पण मी शनिवारी खात नाही हे कळल्यापासून शनिवारी माझ्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळा करतात. खरंच सांगते, उपाशी बिपाशी नाहीये मी.

पहिल्यांदा त्यांच्या ओट्यापाशी उभी होते तेव्हा त्यांनी मैदा पाण्यात कालवला, गुठळी राहू नये म्हणून गाळून घेतला आणि उकळत्या रश्श्यात बारीक धार सोडत दुसऱ्या हातानं डाव फिरवत राहिल्या, एकदासुद्धा थांबल्या नाहीत. आई, मला एकदम तू दिसलीस गं. हुलग्याचं माडगं करताना तू असंच पीठ सोडायचीस आणि मी ताप असला तरी गोधडी गुंडाळून तुझ्या पाठीला चिकटून उभी राहायचे, कारण पातेल्याच्या कडेचं आधी मला हवं असायचं. या कालवलेल्या पिठाला इथे तेद्विरा म्हणतात. काही जणी ते रात्रभर आंबवतातही, आंबिलीसारखं. त्यानं हरीरा रेशमासारखा दाट होतो, आणि रेशमाला अरबीत म्हणतातच हरीर.

तर आता नीट वाच आणि बाबांसाठी कर. अर्धी वाटी काबुली छोले रात्रभर भिजव, पाव वाटी अख्खा मसूर (तो काय, आपल्याकडचाच), एक कांदा बारीक, चार-पाच लालबुंद टोमॅटो किसून. टोमॅटो अर्धा कापून किसणीवर घास म्हणजे साल हातात राहते. कांदा थोड्या तुपावर परत, हळद अर्धा चमचा, सुंठेची पूड एक चमचा, मिरपूड, दालचिनी चिमूटभर, आणि बचकभर कोथिंबीर. काड्या फेकू नकोस, वास काड्यांतच असतो. सेलरी पाल्यासकट घालतात, मिळाली नाही तर राहू दे. सहा ग्लास पाणी, कुकरला छोले बोटानं दाबले की विरघळतील इतकं शिजव. मग दोन चमचे मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवून वर सांगितलं तसं सोड, मूठभर शेवया घाल आणि दहा मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा. सोडू नकोस, खाली लागतं. वाढताना लिंबू पिळ. चावावं काही लागत नाही आणि पोट भरतं. बाबांच्या शुगरसाठी मैदा एकच चमचा, शेवया नावाला, खजूर अजिबात नाही. मीठही कमी, लिंबानं भागतं.

आता माझं. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय म्हटलं होतं ना, ते मी दोन वर्षांनी वाढवलं. सही झालीये. तुम्हाला विचारायला हवं होतं, चारदा फोन लावला आणि चारही वेळा बाबांनी "येतेयस ना जूनमध्ये, वरची खोली रंगवून घेतलीये" म्हटलं आणि मी गप्प बसले. काम मनासारखं आहे, माणसं चांगली आहेत, घराचा हप्ता इथूनच लवकर फिटेल, दादावर सगळं पडणार नाही, आणि हे भाऊकाकांसारखं नाहीये आई, मी दरवर्षी येणार, या गणपतीला तीन आठवडे येतेय, रजा मंजूर आहे. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही केलं हो बाबा. खोलीचा रंग वाया जाणार नाही.

माझी काळजी नको. हिवाळ्यात इथे घरं गार पडतात खरी, पण हीटर घेतलाय, तुझी गोधडी आहे, पाण्याची बाटली उशाशी असते.

आणि बाबा, जागत बसू नका. रमजानात इथली घड्याळं एक तास मागे घेतात, आपल्यात साडेपाच तासांचं अंतर पडलंय, मी जेवायला बसते तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले असतात. मेसेजवर तुमची निळी खूण बारा वीसला येते, म्हणजे जागे असता. दहाला झोपायचं. दातांच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलायची नाही, दादाला सांगितलंय, तो नेईल. आई, कुकरची रिंग बदल आणि ओट्यापाशी स्टूल घे, गुडघ्यांवर भार देत उभ्यानं ढवळू नकोस, ढवळायला बाबांना बसव.

इथे कुणी जेवलं की "बस्साहा" म्हणतात, तब्येतीला लागू दे अशा अर्थानं. पहिला वाडगा संपला की फोटो पाठव, रिकाम्या वाडग्याचा.

तुमची,
छकुली

ता.क. रागावला असाल तरी छोले आज रात्रीच भिजत घाल.