हेलिपॅडच्या आधी तारा, इंधन आणि माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबेनळी, पसरणी किंवा खंबाटकी घाटात मोठा अपघात झाला की सातारा जिल्ह्यात एअर ॲम्ब्युलन्सची मागणी जोर धरते आणि तिच्यासोबत ‘प्रत्येक तालुक्याला हेलिपॅड’ हीसुद्धा. मागणी रास्त आहे. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातून गंभीर जखमीला मोठ्या रुग्णालयात आणायला लागणारा वेळ पाहिला, तर याबद्दल कुणाचे दुमत होऊ नये. पण सिमेंटचा चौथरा हा या सेवेतला सगळ्यांत सोपा भाग आहे. तो बांधला की सेवा आली असा समज होतो आणि खरी कामे मागे पडतात. हेलिकॉप्टरची देखभाल आणि तातडीची रुग्णसेवा या दोन्ही कामांतली आम्ही मंडळी आहोत, म्हणून थोडे तपशिलात जाऊन लिहितो.

सुरुवात वजनापासून करावी लागते. रुग्णसेवेत वापरले जाणारे दोन इंजिनांचे हलके हेलिकॉप्टर घेतले, तर उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण वजन फार तर २,९०० किलो चालते. स्ट्रेचर, व्हेंटिलेटर, मॉनिटर, ऑक्सिजन बसवलेले यंत्र रिकामेच १,९०० ते २,००० किलो भरते. दोन वैमानिक, डॉक्टर, परिचारक आणि रुग्ण मिळून सुमारे ४०० किलो, हातातल्या बॅगा ५०-६० किलो. उरतात साधारण ४५० किलो, तेवढेच इंधन. ताशी २०० ते २२० किलो जळते, म्हणजे दोन तासांची बेगमी आणि त्यातला शेवटचा अर्धा तास राखीव, त्याला हात लावायचा नाही.

हा हिशेब थंड, दाट हवेचा झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात तो बिघडतो. हवा तापली की विरळ होते, पात्यांना पकड कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट मूळ उंचीत मिळवायचे, असा वैमानिकांचा ढोबळ आडाखा आहे. सातारा शहर सुमारे २,४०० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ३८ अंशांवर असताना तिथली हवा ५,७०० फुटांवरच्या हवेसारखी वागते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, तिथे ३० अंश असले तरी हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते ७,३०० फुटांवर जाते. त्यात मैदानाभोवती झाडे आणि इमारती असतील तर पुढे सरकत उठता येत नाही, जवळपास सरळ वर चढावे लागते, आणि सगळ्यांत जास्त ताकद तिथेच लागते. शिवाय त्या क्षणी एक इंजिन बंद पडले, तर दुसऱ्याच्या जोरावर सुखरूप निघता आले पाहिजे. अशा दुपारी परवानगीचे वजन दोनेकशे किलोंनी सहज खाली येते. डॉक्टर उतरवता येत नाही, रुग्ण तर नाहीच. कमी होते ते इंधन.

याचा परिणाम नकाशावर मांडून पाहावा. पुण्याहून महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटे. तिथून रुग्ण घेऊन उठताना टाकीत अडीचशे किलोच इंधन ठेवता आले, तर राखीव वगळून हाताशी ३५-४० मिनिटे राहतात. कराडला पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. पण कराडहून पुण्याला परतायला ४० मिनिटे लागतात आणि तेवढे इंधन उरलेलेच नसते. कराडच्या धावपट्टीवर जेट इंधन तयार नसेल, तर रुग्ण उतरवून हेलिकॉप्टर तिथेच अडकते आणि पुढचा फोन आला तरी उठू शकत नाही. लहान प्रशिक्षण विमानांना लागणारे पेट्रोलच्या जातीचे इंधन वेगळे, ते इथे उपयोगाचे नाही. मोठी टाकी नको, बंद पिंपांत नीट ठेवलेला थोडा साठासुद्धा पुरेल. मात्र पिंपे आडवी आणि सावलीत असावीत, प्रत्येक वापराआधी तळाचा नमुना काढून रंग बदलणाऱ्या कॅप्सूलने पाण्याचा अंश तपासावा आणि गाळणीतूनच इंधन भरावे. पावसाळ्यात पिंपात ओल शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. तारीख उलटलेले इंधन कितीही स्वच्छ दिसले तरी बाद समजावे. आमच्या मते जिल्ह्याचा पहिला खर्च या सोयीवर व्हावा. तो दहा हेलिपॅडपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता उतरण्याच्या जागा. युरोपातल्या नियमांत अपघातस्थळाच्या जागेला हेलिकॉप्टरच्या एकूण लांबीच्या दुप्पट मोकळा चौक मागतात. १२ मीटरच्या यंत्राला दिवसा २५ बाय २५ मीटर, रात्री ५० बाय २५. एवढी जागा आपल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे: माध्यमिक शाळेचे मैदान, बाजारतळ, यात्रेची जागा. अडचण जागेची नसते, जागेवर आणि भोवती काय आहे याची असते.

सगळ्यांत घातक तारा. वैमानिकाला वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. ऊन समोरून असेल किंवा मागे हिरवा डोंगर असेल, तर शंभर मीटरवरूनही नाही. आपल्या भागात अकरा केव्हीच्या वाहिन्या शेतातून आडव्यातिडव्या गेलेल्या, नदीकाठच्या मोटारींसाठी डीपीपासून लांबवर ओढलेल्या, आणि कोयनेच्या खोऱ्यात तर एका डोंगरावरून समोरच्या डोंगरावर दरी ओलांडून गेलेल्या तारा आहेत. त्यांचे खांब झाडीत असतात, म्हणजे इशारा देणारी एकमेव खूणही लपते. काही हेलिकॉप्टरना पुढे तार कापणारी पाती बसवलेली असतात, पण ती तार ठरावीक कोनात आणि पुरेशा वेगात आली तरच काम करतात. उतरताना वेग नसतोच. म्हणून प्रत्येक ठरलेल्या जागेभोवतीच्या तारा गावच्या वायरमनला सोबत घेऊन चालत जाऊन पाहाव्यात, खांबांच्या जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवाव्यात आणि दरी ओलांडणाऱ्या तारांवर लाल-पांढरे गोळे लावावेत. वीज वितरण कंपनीच्या नियमित देखभालीत बसण्यासारखे हे काम आहे.

तारांनंतर येते ते जमिनीवरचे सामान. तीन टनांचे यंत्र हवेत तोलून धरणारा वारा खाली सुटतो, त्यात ताडपत्री, पत्रा, मंडपाचे कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या काहीही उडते आणि वर ओढले जाऊन पात्यांत येते. तोडणी झालेल्या उसाच्या रानात उतरणे तर टाळावेच. पाचट एका क्षणात वर उठते, काच झाकते आणि इंजिनाच्या तोंडाशी जाऊन बसते. माळावरच्या लाल मातीचा लोट उठला की शेवटच्या दहा-पंधरा फुटांत वैमानिकाला जमीनच दिसत नाही. आधी टँकरने पाणी मारले की हा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो, पण पाणी मुरायला वेळ द्यायला हवा. चिखल झाला तर स्किड (हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या खालच्या आडव्या नळ्या) रुततात आणि उठताना एक बाजू अडकली की यंत्र कलंडते. सांगलीकडच्या काळ्या जमिनीत हा धोका जास्त. खूण करताना फक्की कोरडी मारू नये, ती पांढऱ्या ढगासारखी उडते. चुना पाण्यात कालवून एच काढावा. वाऱ्याची दिशा दाखवायला बांबूला बांधलेली कापडाची पट्टी पुरते.

महामार्गावर उतरण्याची कल्पना बऱ्याच जणांना सोपी वाटते. पुणे-बंगळूर रस्त्यावर दुभाजकातले दिव्यांचे खांब, दिशादर्शक कमानी आणि दोन्ही बाजूंची वाहतूक पाहता ती शेवटची निवड समजावी. तसे करायचेच झाले तर दोन्ही दिशांची वाहने पूर्ण थांबवावी लागतात, केवळ अपघाताच्या बाजूची नव्हे.

गर्दीबद्दल कळकळीने सांगायचे आहे. हेलिकॉप्टर उतरताना लोक धावत येतात, त्यांत लहान मुले असतात. शेपटीचा पंखा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो आणि फिरताना दिसत नाही. मागच्या बाजूने कुणीही, कोणत्याही कारणाने जायचे नाही. वैमानिकाच्या नजरेसमोरून, त्याने अंगठा दाखवल्यावरच, वाकून पुढे यायचे. उतार असेल तर चढाच्या बाजूने कधीही येऊ नये, कारण तिकडे पाती जमिनीच्या जवळ असतात. इंजिन बंद केल्यावर पाती मंदावताना वाऱ्याने खाली झुकतात, म्हणून ती पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ सर्वांत फसवा. टोपी उडाली तर तिच्यामागे धावू नये. सलाइनची बाटली हात उंचावून धरू नये. गावागावात पोलीस पाटील, दोन शिक्षक आणि वायरमन एवढ्यांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण दिले तरी हे सांभाळता येते. नेत्यांच्या दौऱ्याच्या वेळी बंदोबस्ताला येणाऱ्या पोलिसांना यातले बरेच ठाऊक असते, पण रुग्णासाठीचे हेलिकॉप्टर दौऱ्यासारखे दोन दिवस आधी कळवून येत नाही.

रुग्णाला आत घेण्याआधी खालीच करायची कामे पुष्कळ आहेत आणि घाईत तीच राहून जातात. केबिनमध्ये आवाज इतका असतो की स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. श्वासनलिकेतली नळी जागेवर आहे की नाही, हे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरवरच कळते. जागा अशी की उडताना नळी घालणे जवळजवळ अशक्य. म्हणून श्वास ढासळण्याची शक्यता दिसली तर जमिनीवरच नळी घालून घ्यावी. उंचीबरोबर शरीरात अडकलेली हवा फुगते. पोलादपूरच्या बाजूला, जवळपास समुद्रसपाटीवर उचललेला रुग्ण साडेसहा हजार फुटांवरून घाट ओलांडतो तेव्हा ही वाढ पाव भाग होते. बरगडी मोडून छातीत थोडी हवा साठली असेल, तर खाली सुसह्य असलेली तीच हवा वर फुप्फुस दाबते. अशा रुग्णाच्या छातीत आधी नळी टाकावी. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याचा दाब उड्डाणात आणि उतरल्यावर पुन्हा मोजावा, तो पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये राहिला पाहिजे. ऑक्सिजनचा हिशेब सरळ आहे: १० लिटरचे सिलिंडर १५० बारला भरले की १,५०० लिटर, मिनिटाला १० लिटर दिला तर अडीच तास. अपेक्षित वेळेच्या दुप्पट असल्याशिवाय निघू नये.

प्रत्येकाला हेलिकॉप्टर लागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. सर्पदंशाच्या रुग्णात विषाची लक्षणे दिसू लागली की प्रतिविषाच्या पहिल्या १० कुप्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच मिळायला हव्यात. त्या न देता त्याला आकाशातून हलवणे म्हणजे वेळ घालवणे. हृदय बंद पडून छातीवर दाब देणे चालू असलेल्या रुग्णाला त्या अरुंद जागेत नीट दाब देता येत नाही. डोक्याला मार, पोटातला रक्तस्राव, मोठे भाजणे, अनेक हाडे मोडलेला तरुण यांच्यासाठी मात्र वाचलेला एक तास खरोखर मोलाचा. ही निवड १०८ च्या नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरने करावी. हेलिकॉप्टरसाठी वेगळा क्रमांक काढू नये.

आणि हे यंत्र रोज उडण्याच्या स्थितीत असतेच असे नाही. एक उदाहरण देतो. गिअरबॉक्सच्या तेलात चिप डिटेक्टर नावाची चुंबकाची लहानशी खुंटी असते. आतल्या दात्यांचा किंवा बेअरिंगचा कण सुटला की तो तिला चिकटतो आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. मग जवळच्या सुरक्षित जागी उतरायचे, खुंटी काढायची, कण भिंगाखाली पाहायचा. केसासारखी बारीक पूड असेल तर ती झिजेची, पुसून चाचणी घेऊन उडता येते. चकचकीत पापुद्रा निघाला तर गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि यंत्र कित्येक दिवस जमिनीवर राहते. याशिवाय ठरावीक तासांच्या तपासण्या असतात, पाऊस आणि धूळ पात्यांची पुढची कड खातात. ‘एम्स’ हृषीकेशची हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली आणि १७ मे २०२५ रोजी केदारनाथला उतरताना त्या हेलिकॉप्टरची शेपूट तुटली. आतले तिघेही सुखरूप राहिले, पण एका यंत्रावर उभी असलेली सेवा किती नाजूक असते हे दिसले. आपल्याकडे करार होईल तेव्हा बदली हेलिकॉप्टर किती तासांत मिळेल, हे त्यात लिहिलेले असावे.

परवानग्यांचेही तसेच. उड्डाण आराखडा, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक मिळाल्याशिवाय उडता येत नाही, आणि पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा. रुग्णसेवेच्या उड्डाणासाठी ही वाट किती मिनिटांत पार होईल, हे आधीच ठरलेले असायला हवे.

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर ढग जमिनीला टेकलेले असतात, तेव्हा ही सेवा बहुतेक दिवस बंदच राहील, हे गृहीत धरावे. २०१९ सारखा महापूर आला तर सांगलीत छपरावरून माणसे उचलायला दोरखंडाचे यंत्र आणि वेगळे प्रशिक्षण असलेले हेलिकॉप्टर लागते, रुग्णसेवेचे हेलिकॉप्टर ते काम करत नाही. त्या चार महिन्यांचा भरवसा तापोळ्याच्या बाजूला बोटीवर आणि सगळीकडे १०८ च्या गाड्यांवरच राहणार. त्यांचे पैसे काढून हेलिकॉप्टरला देऊ नयेत. उतरण्याच्या जागांची यादी एकदा करून फायलीत ठेवूनही भागत नाही. मैदानाच्या कडेला नवा खांब उभा राहतो, शाळेला कुंपण पडते, कुणी मोबाइलचा मनोरा बांधतो. म्हणून पावसाळा संपला की दर ऑक्टोबरमध्ये तहसील कार्यालयाने वायरमनसह प्रत्येक जागा पुन्हा पाहावी आणि बदल १०८ च्या कक्षाला लेखी कळवावा.

कळावे,
हेलिकॉप्टर देखभाल आणि तातडीच्या रुग्णसेवेतील काही कर्मचारी, सातारा