रामकुंडावरचं अर्धं वाक्य

गंगापूर रोड, नाशिक
१४ मार्च

प्रिय बंड्या,

फोन करता आला असता, पण फोनवर मी बोलत सुटतो. म्हणून पत्र.

मागच्या महिन्यात दिंडोरीला नानांच्या बागेत गेलो होतो. व्यापारी आलेला. घड उचलून पाहिले, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजला आणि म्हणाला, "पस्तीस." नानांनी एक मणी तोडला, बोटांत दाबला, रस पँटला पुसला. बोलले काहीच नाहीत. मलाच कसंतरी व्हायला लागलं. "अहो, थोडं वाढवा" असं तोंडाशी आलं होतं. व्यापाऱ्याने चप्पलने ढेकूळ फोडलं. "बरं, छत्तीस. रोख." नाना घडाकडेच बघत. "अडतीस, अन् माल परवा उचलतो. आता बोला की, नाना!" तेव्हा नाना म्हणाले, "चालंल."

परतताना विचारलं, तर म्हणतात, "आकडा त्यानं टाकला ना? मंग त्यालाच खुपू द्यायचा थोडा."

आपण लहानपणापासून ऐकत आलो, बोलणाऱ्याची बोरं विकतात. इथे न बोलता द्राक्षं विकली. अर्थात हे दरवेळी चालत नाही. आभाळ भरून आलं, अवकाळीची भीती असली, की गप्प बसायची पाळी व्यापाऱ्याची. ज्याच्या हाताशी वेळ आहे, त्यालाच गप्प राहणं परवडतं.

वर्गातही मी तेच करून पाहतोय. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शिक्षकांच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर बहुतेक शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलत. तेच ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबत, एरवी गप्प बसणारीही बोलत. वाचून हसलो. तीन सेकंद म्हणजे काय रे! पण आठवीच्या वर्गात, पंखा कुरकुरत असताना, चाळीस पोरं तोंडाकडे बघत असताना थांबून बघ. हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले. मग शेवटच्या बाकावरची, जूनपासून हजेरीपलीकडे एक शब्द न बोललेली मुलगी म्हणाली, "सर, चुकलं तर चालेल का?"

आमचे एक सहकारी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आले. दहाव्या दिवशी तिथे मौन सुटतं. यांचं जे सुटलं ते अजून थांबलेलं नाही! तिथलं मौन मला एका परीने सोपं वाटतं. समोरचा काही सांगायला धडपडत असताना तोंड मिटून ठेवणं अवघड.

आणि हे म्हणजे अबोला नव्हे हं. आमच्याकडचा अबोला तू पाहिलायस. आई-बाबा एकाच खोलीत, आणि निरोप्या मी. "त्यांना सांग, पान वाढलंय." "तिला सांग, भूक नाही." त्या गप्प बसण्यात ऐकणं कुठे होतं?

तर आता मूळ मुद्दा. काकांच्या दहाव्याला आपण रामकुंडावर उभे होतो. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता. सगळे गप्प. तू पाण्याकडे बघत म्हणालास, "बाबा शेवटी मला..." आणि थांबलास. एवढंसं थांबलास. आणि मी लगेच तुझ्या खांद्यावर हात टाकून सुरू झालो. येईल रे कावळा, त्यांचं सगळं समाधानानं झालं, बँकेच्या कागदांचं मी बघतो, आईंना महिनाभर इकडे आण. तू मान डोलावलीस. ते वाक्य तू पुन्हा काढलं नाहीस.

मला तेव्हा वाटलं, मी तुला धीर दिला. खरं सांगू? तुझं थांबणं मलाच सोसवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की ये. सोमेश्वरला धबधब्याशी बसू. पाणी नसेल तेव्हा फारसं, नुसते खडक असतील. चहाचा थर्मास मी आणतो. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे.

तुझा,
सुध्या