‘कस्टम ऑर्डर’ म्हणून परत न घेतलेल्या आयशॅडो पॅनबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वतः रंग निवडून भरायच्या आयशॅडो पॅलेटमधले सदोष पॅन परत घेण्यास दिलेला नकार

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते. लग्नाच्या मेकअपची कामं घेते, घर त्यावर चालतं. दिवाळीनंतर तुमच्या वेबसाइटवरून बारा घरांचं, आपले रंग आपण निवडून भरायचं पॅलेट मागवलं. रिकामी डबी 3,200 रुपये, प्रत्येक पॅन (दाबलेल्या रंगपुडीची सुटी वाटी) 1,150 रुपये आणि झाकणावर नाव कोरण्याचे 600, असे एकूण 17,600 रुपये आगाऊ भरले. बारापैकी पाच पॅन मला वापरता येत नाहीत. ते परत घ्या म्हटलं की तुमच्या ग्राहक सेवेचं एकच पालुपद असतं : ‘कस्टम ऑर्डर परत घेतली जात नाही.’ बॅच बिघडू शकते हे मला कळतं. हे उत्तर मात्र मला पटत नाही, आणि पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

एवढे पैसे का घातले ते आधी सांगते, नाहीतर ‘हौसेचं मोल’ म्हणून सोडून द्याल. तयार पॅलेटमध्ये दोन रंगांचा तळ दिसायला लागतो तेव्हा बाकीच्यांवरचा छापही पुसलेला नसतो. आमच्याकडे नवरी सकाळी पिवळ्या अष्टपुत्रीत असते, मुहूर्ताला शालूत आणि संध्याकाळी रिसेप्शनला भलत्याच रंगात. मधल्या वेळात डोळे पुसून पुन्हा रंगवायचे, आणि बाहेरून कुणीतरी ‘झालं का?’ म्हणून दार ठोठावत असतं. अशा वेळी चार डब्या उघडून बसणं परवडत नाही. लागणारेच बारा रंग एका डबीत असावेत, संपेल तेवढाच पॅन बदलावा, ही तुमची कल्पना मला मनापासून आवडली. आजही आवडते. कथ्थई आणि मातकट हे तुमचे दोन मॅट, म्हणजे बिनचमकीचे, रंग इतके मऊ आहेत की ब्रश नुसता टेकवला तरी पुरतो. शेवाळी पॅन पहिल्यापासून दगडासारखा कडक होता, पूड जास्त दाबली गेली असावी. टेप लावून वरचा थर काढला, आता चालतो. त्याची तक्रार करत नाही.

आता ज्यांची करते त्यांच्याकडे येते.

सगळ्यात गंभीर प्रकार गुलबक्षी आणि जांभळ्या पॅनचा. वेबसाइटवर दोन्ही रंग ‘आयशॅडो’ या सदरात आहेत, आणि फोटोतल्या मॉडेलच्या पापण्यांवर तेच लावलेले दिसतात. पॅन हातात आल्यावर उलटा करून पाहिला, तर पाठीवरच्या स्टिकरवर, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत, इंग्रजीत छापलंय की हा रंग डोळ्यांच्या लगतच्या भागावर वापरण्यासाठी नाही. आयशॅडो डोळ्याला लावायची नाही तर कुठे लावायची, हे आता तुम्हीच सांगा.

यामागचं कारण मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांभोवती वापरायला मोजकेच रंग मान्य केले आहेत. काही भडक गुलाबी-लाल कृत्रिम रंग तिथे ओठांना आणि गालांना चालतात, डोळ्यांपाशी चालत नाहीत. म्हणून बाहेरचे बरेच ब्रँड असे पॅन आयशॅडो न म्हणता ‘प्रेस्ड पिगमेंट’ म्हणून विकतात आणि तशी सूचना छापतात. छापा, पण निवडतानाच्या पानावर छापा. पैसे भरून, माल घरी येऊन, पॅन उलटा केल्यावर ग्राहकाला कळावं ही कुठली रीत? तुमच्या चॅटवरून मला उत्तर आलं, ‘आमचे सगळे आर्टिस्ट हे रंग डोळ्यांवरच वापरतात.’ वापरत असतील. मी दुसऱ्याच्या मुलीच्या डोळ्यांवर काम करते. तिच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतात, लग्नघर असतं, तासन्‌तास मेकअप उतरत नाही. ‘वापरू नका’ असं बनवणाऱ्यानेच लिहिलेली वस्तू मी तिथे लावली आणि डोळे चुरचुरले, तर तुमचे आर्टिस्ट माझ्या बाजूने उभे राहायला येणार नाहीत. दोन्ही पॅनना मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

दुसरा प्रकार आमसुलीचा. वाळलेल्या कोकमाचा, लालसर पण तळाशी जांभळा असा रंग मला हवा होता. हिरव्या आणि मोरपिशी काठाच्या शालवांवर तो फार खुलतो. आला तो सरळ विटकरी. तुमचं उत्तर, ‘स्क्रीनवर रंग थोडा वेगळा दिसू शकतो.’ ते मलाही माहीत आहे, म्हणून मी स्क्रीनवर भिस्त ठेवलीच नव्हती. ठाण्यात पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या मॉलमध्ये तुमचा काउंटर आहे. तिथे हाच नंबर आधी मनगटावर लावून, काचेच्या दारापाशी दिवसाच्या उजेडात पाहून मग ऑर्डर दिली होती. पार्सल आल्यावर तो पॅन घेऊन त्याच काउंटरवर गेले. कोपराखाली दोन रेघा ओढल्या, एक टेस्टरची आणि एक माझ्या पॅनची. टेस्टरच्या रेघेला कडेने जांभळी झाक होती, माझी रेघ ओल्या विटेसारखी. फोटो सोबत जोडला आहे. काउंटरवरची मुलगी ते बघून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, तिच्या नोकरीवर यायला नको. ऑनलाइनचा माल ती परत घेऊ शकत नव्हती आणि ते तिने नीट समजावून सांगितलं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुमच्या खोक्यावरच्या यादीत या रंगात 77491, 77499 आणि 77742 हे घटक दिले आहेत, म्हणजे लाल लोह ऑक्साइड, काळं लोह ऑक्साइड आणि मँगनीज व्हायोलेट. त्यातलं जांभळं कमी पडलं की रंग विटकरीकडे झुकणारच. म्हणजे फरक बॅचचा आहे. त्याचं खापर माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर फोडू नका.

तिसरा प्रकार सोनेरी चमकीच्या पॅनचा. तुमचे आधीचे सुटे पॅन मी वापरले आहेत, ते पत्र्याचे होते आणि डबीतल्या लोहचुंबकाला घट्ट बसायचे. हे नवे ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नाही, म्हणून खाली पत्र्याची चकती गोंदाने डकवली आहे. सोनेरी पॅनची चकती सुटली. घोडबंदर रोडच्या एका हॉलवर डबी आरशाला टेकवून उभी ठेवली होती. पॅन घरंगळून शेजारच्या साईच्या रंगाच्या मॅटवर उपडा पडला, आणि सोनेरी चमक त्या मॅटमध्ये बसली ती बसलीच. भुवईखाली लावायचा मॅट आता झगमगतो. वरचा थर खरवडून पाहिला, खालीही कण निघतात. म्हणजे एका चकतीपायी दोन पॅन गेले. सुटलेली चकती डबीतल्या चुंबकाला चिकटून राहिली होती आणि पॅन मोकळा. गोंद कुठे सुटला ते उघड दिसतं.

असे हे पाच. आता तुमच्या ‘कस्टम’बद्दल.

मी केलं काय? तुमच्या शेल्फवर तयार असलेल्या पॅनमधले बारा निवडले आणि ते तुम्ही एका डबीत बसवून पाठवलेत. माझ्यासाठी कुणी रंग घोटला नाही, कुणी पूड दाबली नाही. प्रत्येक पॅनच्या पाठीवर बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना छापलेला आहे. ऑर्डर दिवाळीनंतरची, आणि पॅनवरचा महिना त्याच वर्षीचा मार्च. माझ्या पसंतीने बनवलेली वस्तू माझी पसंती कळण्याच्या कितीतरी महिने आधीच तयार कशी होती? हेच पॅन तुम्ही वेबसाइटवर सुटेही विकता, आणि सुटे घेतले तर परत घेण्याची मुदतही देता. त्यातलाच पॅन डबीत बसवला की परत न घेण्याजोगा होतो, हे गणित मला सुटत नाही.

खऱ्या अर्थाने माझ्यासाठी बनवलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे झाकणावरचं माझं नाव. देवनागरीत कोरलंय, वेलांटीसुद्धा जागच्या जागी आहे, आणि त्याबद्दल मनापासून आभार. ती डबी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही, म्हणून ती परत करायची भाषा मी कधी केलीच नाही. डबी माझी, ती मी ठेवते. हे पॅन माझ्या नावाचे नाहीत, तुमच्या बॅचचे आहेत, ते परत घ्या.

कायद्याचं बोलणं मला आवडत नाही, पण तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की मी ‘व्यावसायिक खरेदीदार’ असल्याने ग्राहक या व्याख्येत बसत नाही, म्हणून लिहावं लागतंय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) खालचं स्पष्टीकरण वाचा. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली धरत नाहीत. मी एकटी काम करते, हे पॅलेट पुढे विकायला घेतलेलं नाही. याच कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं व पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ई-कॉमर्सचे 2020 चे नियमही सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तुम्ही घरी बसून ‘कस्टम’ची अट लिहिली म्हणून हे नियम पुसले जात नाहीत. पाचही पॅनची लेखी तक्रार मी पार्सल मिळाल्यावर लगेच, आणि चकती सुटल्यावर त्याच संध्याकाळी केली होती. दोन्ही ईमेलच्या प्रती जोडल्या आहेत.

माझं मागणं फार मोठं नाही. पाच पॅनचे 5,750 रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करा आणि पॅन उचलायला तुमच्या खर्चाने माणूस पाठवा. पैशांऐवजी कूपन नको. कूपन म्हणजे पुन्हा तुमच्याच दुकानात या, असंच ना? आमसुली आणि साईच्या रंगाचे पॅन बरोबर बॅचचे असतील तर बदली देऊ शकता, ते मला हवेच आहेत. मात्र पाठवण्याआधी तुमच्या माणसाने काउंटरवरच्या टेस्टरशेजारी रेघ ओढून पाहावी. आणि गुलबक्षी व जांभळ्या पॅनखालची ती सूचना वेबसाइटवर रंगाच्या नावाशेजारीच, मराठी-हिंदीतही, दिसेल अशी लावा. तोवर ते दोन्ही रंग डोळ्यांच्या सदरातून काढा. हे पैशांहून महत्त्वाचं आहे. मी पॅन उलटा करून वाचते, घरी हौसेने मेकअप करणारी एखादी कॉलेजची मुलगी वाचणार नाही.

नियमाप्रमाणे या पत्राची पोच तुम्ही 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा आहे. मला चॅटमधलं तयार उत्तर नको, तुमच्या नावानिशी लेखी उत्तर हवं. ते आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार मी राहते तिथेच दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही, त्यामुळे माझं कष्टाखेरीज काही जाणार नाही.

पॅन पुड्यांत बांधून, सुटलेल्या चकतीसह, वेगळे ठेवले आहेत. उचलायला येणाऱ्याने आधी फोन करावा. मुहूर्त सकाळचे असले तर मी दुपारनंतरच घरी भेटते.

कळावे,
आपली ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(नाव, फोन व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहेत. सोबत बिल, दोन ईमेलच्या प्रती, पॅनच्या पाठींचे आणि हातावरच्या रेघांचे फोटो.)